क्लच फक्त गरम झाल्यावर स्लिप होतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी थांबा

एप्रिलमध्ये चिरा (बांधकामाचा जांभा दगड) भरून देवरूखवरून साखरप्याला आलो आणि पुढे आंबा घाट चढायला घेतला, सकाळी खाणीवरून निघताना गाडी एकदम मस्त चालत होती. अर्धा घाट झाला असेल, थर्डमध्ये होतो, आणि इंजिनचा आवाज एकदम वाढला. आरपीएमचा काटा पंधराशेवरून बावीसशेवर गेला पण गाडी आहे तिथेच, उलट स्पीड कमीच होत चाललेला. क्लीनर म्हणाला, दादा वास येतोय. येतच होता, जळक्या लायनिंगचा. तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

मला जास्त लागलं ते यासाठी की क्लचची प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग असा सगळा सेट मार्चमध्येच नवीन टाकला होता. तेव्हाही हेच झालं होतं, एका गॅरेजवाल्याने नुसतं ऐकून सांगितलं प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवला, तीन दिवस गाडी उभी. आणि महिन्याभरात परत तेच! म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे घाटात गाडी चढत नाही म्हटलं की पहिला हात प्लेटलाच घालतात.

आधी क्लचच आहे का ते बघा. रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच स्लिप होतोय. रेसही वाढत नाही आणि गाडीही ओढत नाही, तर क्लचला दोष देऊ नका, डिझेल फिल्टर चोक झालाय का, एअर फिल्टर, टर्बोचा पाईप फाटलाय का ते बघा. या दोन्ही गोष्टींना लोक सरसकट "पिकअप नाही" म्हणतात आणि मिस्त्री भलतंच खोलून बसतो. क्लच जायला लागला की आधी वरच्या गिअरमध्ये लोड असताना कळतं, फर्स्टमध्ये रिकामी गाडी आरामात उचलते, त्यामुळे गॅरेजच्या दारात चक्कर मारून काही समजत नाही.

उभ्या गाडीवर बघायचं तर सपाट जागा घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून मागून चिऱ्याचे तुकडे लावा, समोर कोणी उभं राहू देऊ नका. चौथा गिअर टाकून थोडी रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडतं. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर क्लच धरत नाही. हे एकदाच करा, परत परत केलंत तर चांगली प्लेटही जाळाल.

आता घाटातली गोष्ट. वळणाच्या आधी थोडी रुंद जागा होती तिथे गाडी घेतली, चाकांना दगड लावले. मागून येणारे एक वयस्कर ड्रायव्हर अण्णा थांबले, आमच्याच बाजूचे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "थंड असताना धरतो काय रे?" म्हटलं हो, सकाळी काहीच नव्हतं. मग त्यांनी खाली वाकून पेडल हाताने दाबलं, नुसत्या बोटांनी. पेडलला सुरुवातीला थोडं मोकळं हलायला पाहिजे, ज्याला आपण फ्री प्ले म्हणतो. माझं पेडल पहिल्यापासूनच कडक, दोरी ताणल्यासारखं. मी रोज त्यावर पाय ठेवतोय आणि मला हे कधी जाणवलं नाही याचं खरंच वाईट वाटलं.

मग इंजिन बंद करून आम्ही गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सच्या बाजूला जो स्लेव्ह सिलिंडर असतो, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा, त्याचा ब्लीडर निपल (तेल-हवा बाहेर काढायचं तोंड) अण्णांनी पान्याने जरासा ढिला केला, केबिनमध्ये कोणी नाही, पेडलवर पाय नाही, तरी तेल पिचकारीसारखं उडालं, म्हणजे लाईनमध्ये दाब अडकलेला. निपल लगेच बंद केला. थोडा वेळ गाडी उभी ठेवली, मग चौथ्यात टाकून बघितलं तर इंजिन गपकन बंद! म्हणजे प्लेट धरत होती, हा अडकलेला दाब तिला धरूच देत नव्हता.

कारण असं होतं. फेब्रुवारीत मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, तेल दाबणारा) लीक होता म्हणून त्याचा किट बदलला होता, आणि बसवताना पुशरॉड, म्हणजे पेडलपासून पिस्टनला ढकलणारी दांडी, जास्त बाहेर राहिला. त्यामुळे पेडल सोडलं तरी पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता. तेलाला परत बाटलीत जायला सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, ते पिस्टनने झाकलेलंच राहायचं. घाटात सगळं तापलं की तेल फुगतं, परत जायला वाट नाही, मग तेच तेल रिलीज बेअरिंगला दाबून धरतं, म्हणजे मी पाय न ठेवताही अर्धा क्लच दाबलेला. सकाळी थंड असताना दाब नाही म्हणून गाडी छान. तिथेच पुशरॉडचा लॉकनट सोडला, दीड आटा मागे घेतला, पेडल मोकळं हलायला लागलं, बाटलीत तेल टॉपअप केलं आणि हळूहळू मलकापूरला पोचलो.

नुसतं थंडगरमवरून मात्र ठरवू नका, झिजलेली प्लेटही तापल्यावर जास्त घसरते. फरक सांगतो तो निपल. ढिला करून क्लच धरला तर दोष तेलाच्या लाईनमध्ये, नाही धरला तर आत. आतलं म्हटलं तरी बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कव्हर) खाली हात फिरवून बघा, इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल लागलं तर सील गेलंय, सील न बदलता नवीन प्लेट टाकलीत तर तीही तेलाने भिजणार. केबलवाली गाडी असेल तर केबल बघा, आपल्या खाऱ्या हवेत ती आतून गंजते आणि अडकून राहते.

पावसाळ्याच्या आधी मी गिअरबॉक्स उतरवून घेतलाच, कारण प्लेट एवढी तापल्यावर मनात शंका राहते. लायनिंग काचेसारखं चकचकीत झालेलं, प्लेट ज्यावर दबते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग. फ्लायव्हील लेथवर फेस मारून आणलं, प्लेट परत नवीन टाकली. मार्चमध्ये काढलेली जुनी प्लेट अजून घरी पडवीत होती, ती घेऊन रिबिटांपर्यंत किती लायनिंग शिल्लक आहे ते बघितलं. चांगली अर्ध्याच्या वर होती.