माळ्याची खोली: रेडिंगमधल्या जुन्या घराचा अनुभव

आई-बाबा येतात ते व्हिजिटर व्हिसावर, एका वेळी फार तर सहा महिने. इंग्लंडमधल्या रेडिंग गावातलं आमचं घर विटांचं, व्हिक्टोरियन, एकाला एक लागून असलेल्या ओळीतलं, आणि झोपायच्या खोल्या दोनच. मुलगी मोठी झाल्यावर तिला आजीच्या खोलीत गादी टाकून झोपवणं जमेना. मोठं घर घेणं परवडणारं नव्हतं. मग माळ्याकडे लक्ष गेलं. आई-बाबांना दोन जिने चढायला लावायचे नाहीत, हे मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. आम्ही दोघं वर जायचं आणि आमची खोली त्यांना द्यायची.

डॉर्मर, म्हणजे छपरातून बाहेर काढलेला उभ्या खिडकीचा भाग, काढला की उभं राहायची जागा वाढते, पण त्यासाठी छपराचं मागचं पाखं जवळजवळ सगळं उतरवावं लागतं. आम्हाला झोपण्यापुरती खोली हवी होती, म्हणून नुसत्या रूफ विंडोंचा, म्हणजे छपराच्या उतारातच बसणाऱ्या खिडक्यांचा, पर्याय घेतला. तो सगळ्यात स्वस्त पडतो. अट एकच, मधोमध उंची हवी. आढ्याखाली साधारण 2.2 मीटर तरी असावी असं इथले बिल्डर सांगतात. आमच्याकडे अडीच होती. ही उंची मोजताना एक लक्षात ठेवा: नव्या तुळयांमुळे जमीन वर येते आणि इन्सुलेशनमुळे छत खाली येतं. शेवटी डोक्यावर किती उरेल ते आर्किटेक्टकडून कागदावर काढून घ्या.

इंग्लंडमध्ये छपरातल्या खिडक्यांना बहुधा प्लॅनिंग परवानगी लागत नाही. खिडकी छपराच्या पृष्ठभागापासून 150 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येऊ नये, आढ्यापेक्षा उंच जाऊ नये. फ्लॅटवाल्यांना मात्र ही मुभा नाही. तरीही आम्ही कौन्सिलकडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (काम परवानगीशिवायही कायदेशीर असल्याचा दाखला) घेतलं, म्हणजे पुढे घर विकताना प्रश्न नको.

बिल्डिंग रेग्युलेशन्समधून, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांतून, मात्र कुणाची सुटका नाही, आणि खरं काम तिथेच आहे. खिडक्यांबद्दल सगळे भरभरून बोलतात, जिन्याबद्दल कुणी बोलत नाही. माझं मत असं की आधी जिना बघा. तो बसत असेल तरच पुढचं बोलणं. नेहमी डोक्यावर दोन मीटर मोकळे लागतात. माळ्याच्या जिन्याला थोडी सूट आहे: जिन्याच्या मध्यभागी 1.9 आणि छपराच्या उतरत्या बाजूला 1.8 मीटर चालतात. आमचा नवा जिना जुन्याच्या बरोबर वर घेतला, म्हणून वरचं टोक आढ्याजवळ निघालं आणि ही उंची मिळाली. मुलीच्या खोलीचा एक कोपरा त्यात गेला.

दुसरी गोष्ट आगीची. दुमजली घर तिमजली झालं की वरच्या खिडकीतून सुटका होईल असं धरता येत नाही, उंची फार असते. म्हणून वरपासून थेट रस्त्याच्या दारापर्यंतची जिन्याची वाट आगीपासून सुरक्षित करावी लागते. आम्ही जिन्याकडे उघडणारे खोल्यांचे सगळे दरवाजे बदलून अर्धा तास आग अडवणारे बसवले, आणि प्रत्येक मजल्यावर विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म लावले. जुने लाकडी दरवाजे जाताना बायको हळहळली. पण वर आपणच झोपणार, तेव्हा या खर्चात काटकसर नको. जिना थेट बैठकीच्या खोलीत उतरत असेल, तर हा प्रश्न आराखड्याआधीच सोडवावा लागतो.

माळ्यावरची जुनी लाकडं फक्त खालचं छत धरण्यापुरती असतात, माणसांचं वजन त्यांनी घ्यावं अशी नसतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पोलादी तुळया दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींत टेकवायला सांगितल्या. त्यामुळे 1996 चा पार्टी वॉल कायदा लागू झाला. अशा कामाची नोटीस दोन महिने आधी द्यायची असते. शेजाऱ्याने चौदा दिवसांत लेखी संमती दिली नाही, तर वाद आहे असंच मानलं जातं आणि सर्व्हेअर (असा वाद सोडवणारे बांधकामाचे जाणकार) नेमावे लागतात, बहुतेक वेळा काम करवून घेणाऱ्या घरमालकाच्या खर्चाने. एका बाजूच्या आजींकडे आम्ही नोटिशीआधीच नकाशा घेऊन गेलो होतो. त्यांनी लगेच सही केली. दुसऱ्या बाजूने सर्व्हेअर आला. कोटेशन घेताना हा खर्च आणि 20 टक्के व्हॅट धरलाय का, ते विचारा.

खिडक्या बसवणं त्या मानाने झटपट झालं. छपरावरच्या स्लेट (दगडी पाट्या) काढल्या, मधला वासा कापला, बाजूचे वासे दुहेरी केले, वर-खाली आडवी लाकडं दिली, मग चौकट आणि फ्लॅशिंग, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून चौकटीभोवती बसवायच्या पट्ट्या. स्लेटचं आणि कौलांचं फ्लॅशिंग वेगळं असतं, ऑर्डर देताना ते तपासा. दोन खिडक्या पुढच्या पाख्यावर घेतल्या, दोन मागच्या. समोरासमोर उघडल्या की वारा आरपार जातो. तळ इतका खाली ठेवला की पलंगावर बसून बाहेर दिसतं. मागची बाजू दक्षिणेची आहे. जुलैत तिथे भट्टी पेटते, म्हणून त्या दोन खिडक्यांना बाहेरून पडदे लावले. ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडतं. आतल्या पडद्याने तेवढा फरक पडत नाही.

वळचणीच्या बाजूला, जिथे उभं राहता येत नाही, तिथे बुटकी कपाटं केली. सुटकेसा आणि पाहुण्यांच्या गाद्या त्यात मावतात.

बिल्डरचा शेवटचा हप्ता बिल्डिंग इन्स्पेक्टरचं कम्प्लिशन सर्टिफिकेट (काम नियमांप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) हातात येईपर्यंत दिला नाही, ही अट करारातच होती. त्या कागदाशिवाय घर विकताना ही जागा बेडरूम म्हणून दाखवणं अवघड जातं.