जॅकी पार्कर वही: 1954 चं पान अखेर जुळलं

मंडळी, कॅनेडियन फुटबॉलमधल्या (अमेरिकन फुटबॉलसारखाच, हातात बॉल घेऊन पळायचा खेळ) एडमंटनच्या जॅकी पार्करची कारकीर्द सीझनवार ग्राफच्या वहीत काढायला घेतलीये आणि 1954 वरच गाडी अडली होती. ग्रे कप (तिकडचं अजिंक्यपद) फायनल, टोरोंटो, एडमंटन एस्किमोज (आताचे एल्क्स) विरुद्ध मॉन्ट्रियल अलुएट्स, शेवटची काही मिनिटं आणि मॉन्ट्रियल 25-20 ने पुढे. माझी बेरीज दर वेळी 27 वर जायची, खरा स्कोअर 26-25. दोन रात्री तीच तीच आकडेमोड केली आणि मग लक्षात आलं, कॅनडात टचडाउनचे (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे नेण्याचे) 6 पॉइंट 1956 पासून, त्याआधी 5 च! पार्करच्या 5 नी बरोबरी, वर टचडाउननंतरच्या बॉब डीनच्या किकचा 1, संपला विषय.

मैदानही खोडून परत आखलं, आधी अमेरिकन हिशोबाने 100 यार्ड धरलेलं, इकडे 110, बारा खेळाडू आणि डाउन (10 यार्ड पुढे जायचे प्रयत्न) तीनच.

तो प्ले काढायला मात्र जाम मजा आली. मॉन्ट्रियल एडमंटनच्या गोल लाइनच्या अगदी जवळ, चक हन्सिंगरच्या हातून बॉल सुटतो, पार्कर उचलतो आणि जवळपास 90 यार्ड एकटा पळत सुटतो. मॉन्ट्रियलवाल्यांचं म्हणणं तो फसलेला पास होता, पण निर्णय फंबलचाच (हातातून बॉल सुटल्याचाच) राहिला. मला आधी कळेना की एडमंटनचा हाफबॅक (बॉल घेऊन पळणारा) डिफेन्समध्ये करतोय काय, तर त्या काळी बरेचसे खेळाडू दोन्हीकडे खेळायचे, म्हणून एकाच माणसाचे बाण दोन्ही दिशांना काढावे लागले. हे पान मला सगळ्यात आवडतंय.

रंग असे ठरवलेत: हाफबॅक हिरवा, क्वार्टरबॅक (पास फेकून चाल चालवणारा) लाल. 1955 लाल झालं. 1956 च्या फायनलला परत हिरवा, कारण क्वार्टरबॅकला डॉन गेटी (हाच पुढे अल्बर्टा प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला), पार्करचे तीन टचडाउन आणि स्कोअर 50-27. सलग तिसरा ग्रे कप! शेनली अवॉर्ड (सर्वोत्कृष्ट खेळाडूचा) 1957, 1958 आणि 1960 ला, ती पानं अजून कोरी आहेत. लोक त्याला क्वार्टरबॅक म्हणून लक्षात ठेवतात पण माझ्या मते खरा पार्कर मोकळ्या मैदानात पळतानाच दिसतो.

पुढचं पान 1963 चं घेतोय, पाच खेळाडू आणि वर रोख रक्कम देऊन टोरोंटोने त्याला नेलं ते.