रत्नागिरीला जायचं, पण कधी?

आमच्या घरात तिघांच्या तीन मागण्या होत्या. आईला रत्नदुर्गावरच्या भगवतीची ओटी भरायची होती, बाबांना मिरकरवाड्याची ताजी मासळी हवी होती आणि मला थिबा राजवाडा निवांत बघायचा होता. पुण्यात बसून महिना ठरेना, म्हणून रत्नागिरीच्या मावसभावाला फोन लावला.

मे त्यानेच उडवला. हापूस असतो हे खरं, पण घामाच्या धारांत मावशीला किल्ला चढवणार का, म्हणाला. जून-जुलैत पाऊस मला हवाच होता; पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. "काका येऊन खाणार काय, सुकट?" शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाड्या सावकाश धावतात. गणपतीचं तर नावच काढलं नाही. चाकरमान्यांनी भरलेल्या घरात आपण कशाला जा!

उरला तो तुळशीचं लग्न उरकल्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंतचा पंधरवडा. दिवाळीची गर्दी ओसरलेली, उकाडा कमी झालेला, बोटी समुद्रात, आणि आईचे मार्गशीर्षातले गुरुवार अजून सुरू व्हायचे असतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तिकिटं नेमकी पितृपक्षात काढावी लागली. आई कुरकुरली. मी काढली.

मधे संकष्टी येतच होती. त्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे करायचं ठरवलं, म्हणजे बाबांचाही मासळीचा दिवस फुकट जाणार नव्हता. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून तो मंगळवारी ठेवला.

आणि तो अर्धा दिवस मी कुणालाही वाटून दिला नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. हा वाडा त्याला मिळाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये तो गेला. तीस वर्षं नजरकैद, त्यातली वाड्यात जेमतेम सहा. पश्चिमेकडून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. एवढं मोकळं पाणी समोर आणि जायला मुभा नाही. त्याला ही जागा आवडली असेल का, मला शंकाच आहे. शिवाजीनगरातली त्याची समाधीही बघितली. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. टिळकांचं जन्मस्थान आणि सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर दुसऱ्या दिवशी सकाळी झालं.

रत्नदुर्गावर आई भराभर चढली, बाबाच मागे राहिले. सुरमई मात्र त्यांना मनासारखी मिळाली.

आता माझा पावसाचा हट्ट शिल्लक आहे: कोल्हापूरहून आंबा घाट उतरून एसटीने रत्नागिरी. बाबा म्हणतात, ऑगस्टात जाऊ, तोवर बंदी उठलेली असते. आई विचारते, "श्रावणात मासे?"