कोयीचं पोर

जुलैत माहेरी गेलं की ताटाशेजारी, उशीखाली, एकदा तर आमटीतही प्लास्टिकची पट्टी सापडते. बोटभर रुंद, वीतभर लांब. वेंगुर्ल्याजवळ दादाची आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी आहे आणि पावसाळ्यात आमची पडवी म्हणजे तिचं ऑपरेशन थिएटर.

सर्जन आमचे नाना. एरवी ते दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची सोंगं घेणारे. जत्रा सुरू झाल्या की पेटारा घेऊन रात्र रात्र बाहेर आणि पाऊस पडला की कलमं बांधायला घरी. गावभरच्या रायवळ आंब्यांच्या कोयी शेणखताच्या वाफ्यात रुजत घातलेल्या असतात. पंधरा-वीस दिवसांचं तांबूस पानांचं पोर उपटायचं, चार बोटांवर शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची. हापूसच्या काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच खुडलेली असतात. तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, पट्टी गुंडाळायची. एका बाजूला तरी साल सालीला भिडली पाहिजे. नाना हे बोलत बोलत करतात. साडीच्या निऱ्या घालणारी बोटं, त्यांना काय कठीण! मी बांधलेली दहा कलमं मात्र दहाही मेली. दादा काही बोलला नाही, फक्त पुढच्या वर्षी मला पिशव्या भरायला बसवलं.

पूर्वी भेट कलमं असत. रोपाची कुंडी झाडाच्या फांदीला बांधून दोन-तीन महिने वाट बघायची. 1990 साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली, कातळाकातळावर कलमं लागायला लागली; तेवढी वाट बघायला वेळ कुणाला? वेंगुर्ल्यात तर 1957पासून फळ संशोधन केंद्र. तिथल्या काजूंना नावं नाहीत, नंबर आहेत: वेंगुर्ला 4, वेंगुर्ला 7. वहिनीला याचा भारी राग. तिला विचारलं असतं तर तिने एकेका काजूला नाव सुचवलं असतं.

वहिनी सावंतवाडीची, लाकडी फळं रंगवते. तिच्या टोपलीतला एक आंबा दुसऱ्यासारखा नसतो. कुणाच्या गालावर लाली जास्त, कुणाला देठाशी हिरवी झाक. दादा येता-जाता म्हणतो, "हापूस असा नसतो." ती म्हणते, "तुमचा नसेल."

तिचं चुकत नाही. दादाचा धंदाच मुळी नकलेचा. गिऱ्हाईक हापूस मागतं, त्याला हापूसच मिळाला पाहिजे, तोही बापजाद्यांच्या झाडासारखा हुबेहूब. आणि ही नक्कल करतात कोण, तर नाना! दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं, पुढचे शब्द ज्याचे त्याने आणायचे. आरोंद्यात जी द्रौपदी रडली ती मातोंडात रडत नाही, भांडते. असा माणूस पावसाळाभर एकाच झाडाच्या हजारो प्रती काढत बसतो आणि त्याला कंटाळा येत नाही. मला तर अजून कळलेलं नाही.

परवा मेलेली कलमं वेगळी काढत होते. एका पिशवीत वरची काडी काळी पडलेली, पण पट्टीच्या खालून कोयीने स्वतःचाच फुटवा काढला होता. दोन पानं, तांब्याच्या भांड्यासारखी चकचकीत. म्हणजे हा रायवळ. आई कुठली, बाप कुठला, आंबट की गोड, कशाचा पत्ता नाही. मी ती पिशवी कचऱ्यात टाकणार तोच नाना ओरडले, "ह्याका कित्याक टाकतस?"

गडग्याच्या कडेला अशांची रांगच आहे हे मला तेव्हा कळलं. अकरा झाडं, कुणी गुडघ्याएवढं, कुणी छपराच्या वर गेलेलं. विकायला एकही नाही. दादा त्यांना नानांची नाटक कंपनी म्हणतो.

पिशवी फाडून नानांनी रोप बाराव्या खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, पायाने दाबली.

"आंबे कसले लागतील याला?" मी विचारलं.

"लागतले तेव्हा बघूया," म्हणाले आणि चाकू पुसत पडवीत गेले.