मेंढरापासून हेरोदापर्यंत

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) नाताळच्या नाटकातल्या बढतीचा क्रम ठरलेला होता. चौथ्या वर्षी मेंढरू. सहा-सात वर्षांचं झालं की देवदूतांच्या घोळक्यात. नवव्या-दहाव्या वर्षी मेंढपाळ, मग मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, आणि आवाज फुटायच्या सुमाराला हेरोद राजा. मरीया आणि योसेफ यांना मात्र वयाची अट नव्हती. तिथे पाठांतर बघायचे आणि गप्प बसण्याची ताकद बघायचे. आमच्या घरात या दुसऱ्या गोष्टीचा कायम दुष्काळ.

१९८६ ते १९९७ या वर्षांत माझी चार मुलं ही शिडी चढली. थोरली, तिच्या पाठचे वर्षाच्या अंतराने झालेले दोन मुलगे आणि शेंडेफळ मुलगी. गोवर कधी आला, दात कधी पडला, हे मला आजही नाटकातल्या वेशावरूनच आठवतं. ‘दुसरा मेंढपाळ होता ना, त्या वर्षी’ अशी आमची कालगणना.

नगरची गोष्ट आहे. २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण माझ्या जिभेला अजून नगरच येतं. पाच बिऱ्हाडांच्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. पुढे ओसरी, मागे मोरी, आणि ख्रिस्ती बिऱ्हाड आमचं एकट्याचं. हे एस.टी.त कंडक्टर. दिवाळीत सगळ्यांना घरी जायचं असायचं, तेव्हा हे हौसेने इतरांच्या ड्यूट्या करायचे आणि त्या बदल्यात नाताळला पंचवीस तारीख मोकळी करून घ्यायचे. शब्बाथशाळेचा कार्यक्रम मात्र तेवीसला. त्या रात्री ह्यांची हमखास कुठल्या तरी गावाची मुक्कामी गाडी. बारा वर्षांत ह्यांनी तो कार्यक्रम एकदाही पाहिला नाही.

डिसेंबर उजाडला की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली यायची. तिच्यात काय नव्हतं! साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे पंख (खोकी कापड बाजारातल्या दुकानातून मागून आणलेली), दिवाळीच्या आकाशकंदिलाचा बेगड, सासूबाईंच्या जुन्या जांभळ्या शालूचा हेरोदाचा झगा, आणि मेंढरांचे कान. मेंढराचा पोशाख म्हणजे ह्यांचं जुनं बनियन, त्यावर खळ लावून चिकटवलेला गादीचा कापूस. पोर जिथे बसेल तिथे कापसाचा पुंजका सोडायचं. जानेवारीत संक्रांतीचे तीळ निवडायला घेतले तरी तिळात कापूस सापडायचा.

त्याच दिवसांत शाळेचं स्नेहसंमेलनही असायचं. तिथेही वेश, तिथेही तालीम, आणि आई एकच. एका वर्षी तर दोन्ही एकाच दिवशी आलं. दुसरा दुपारी शाळेत पोवाड्यातला मावळा होता आणि संध्याकाळी देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) गब्रीएल दूत. शाळेतल्या बाईंनी खोबरेलात काजळ कालवून त्याला अशी झोकदार मिशी काढली होती की औरंगजेबानेही वचकावं. कार्यक्रम लांबला. मी सायकलवर त्याला डबलसीट घेऊन सुटले. देवळाच्या मागच्या अंगाला, नळाखाली, मी पदराने मिशी पुसली. ती गेली नाही, पसरली. वरचा ओठ, मग गाल, मग हनुवटी. शेवटी पांढरा झगा, सोनेरी बेगड आणि शेगडीतून काढल्यासारखं तोंड घेऊन गब्रीएल मरीयेपुढे उभा राहिला. “भिऊ नको,” तो म्हणाला. मरीया झालेली मुलगी खरोखरच दोन पावलं मागे सरकली. पुढच्या बाकावरच्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई, घरी चूल पेटवून आलाय वाटतं.”

मेंढपाळांना घोंगड्या लागायच्या. डिसेंबरात नगरच्या आसपास धनगरांचे वाडे उतरलेले असतात. शेतात मेंढ्या बसवल्या की खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना आपणहून बोलावतात. एका रविवारी शब्बाथशाळेच्या सरांनी मोठ्या मुलांना खरा मेंढपाळ दाखवायला गावाबाहेर नेलं. मुलं खूश. काठीवर हनुवटी टेकून, एक पाय दुसऱ्यावर टाकून कसं उभं राहायचं ते शिकली. धनगरबाबांनी कौतुकाने चार घोंगड्या वापरायला दिल्या. त्यांत पिसवा होत्या. स्टेजवर देवदूत येईपर्यंत चारी मेंढपाळांनी खाजवायला सुरुवात केली. देवदूतांनी गाणं म्हटलं, हे खाजवतायत. गव्हाणीपुढे गुडघे टेकले, तिथेही खाजवतायत. दुसऱ्या दिवशी पाळकबाई मला म्हणाल्या, “थंडीचा अभिनय फार छान केला हो मुलांनी.” मी काही बोलले नाही. घरी चार पोरांची अंथरुणं उन्हात टाकली होती.

पण सगळ्यात लक्षात राहिलं ते मागी लोकांचं वर्ष. तिसरा तेव्हा दहाचा. याचं डोकं नेहमी आडव्या रस्त्याने चालायचं. पहिला प्रश्न, “मागी लोक म्हणजे मागणारे ना? मग ते देतात कशाला?” दुसरा प्रश्न, “तीनच कशावरून?” हा प्रश्न बरोबर होता. बायबलात संख्या कुठेच नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन धरायची. त्याच्या वाट्याला तिसरी भेट आली, गंधरस. सोनं म्हणजे चिंचेने घासलेला पितळी गडू. ऊद बाजारात मिळतो. गंधरस म्हणजे काय, हे त्याने मला विचारलं नाही. तो शेजारच्या काकूंकडे गेला.

काकूंचं सोवळं-ओवळं कडक, पण पोरांवर जीव. त्यांनी सहाणेवर चंदन उगाळलं, पाण्यात पातळ केलं आणि औषधाच्या बाटलीत भरून दिलं. गंधाचा रस. माझा मुलगा ती बाटली दोन्ही हातांत धरून बेथलेहेमला गेला, आणि गव्हाणीतल्या बाहुल्याच्या कपाळाला त्याने बोटाने गंध लावलं. क्षणभर देवळात कुणाला काय करावं कळेना. मग पाळकसाहेबच हसले आणि सगळी मंडळी हसली.

घरी आल्यावर सासूबाईंनी विषय काढला. तोवर त्या गप्प होत्या. म्हणाल्या, “गंधरस म्हणजे हिराबोळ. बाळंतिणीला देतात तो. तुझ्या चार बाळंतपणांत मी तुला दिला, विसरलीस?” मी चाटच पडले. सासूबाई बोटं मोडत हिशोब करायला लागल्या. “ऊद धुरीला, बोळ बाळंतिणीला, सोनं बाळाच्या कानाला. आलेली माणसं शहाणी होती. बाळंतिणीच्या घरी जाताना काय न्यावं ते त्यांना कळत होतं.” मी जन्मापासून ती गोष्ट ऐकत आलेय, प्रवचनं ऐकलीत, कीर्तनं ऐकलीत, पण मरीया बाळंतीण आहे हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. आणि ती ओली बाळंतीण, गोठ्यात, डिसेंबराच्या थंडीत.

पुढच्या वर्षापासून आमच्या नाटकात खरा हिराबोळ असायचा. काष्ठौषधीच्या दुकानातून दोन रुपयांचा.

नाटकाआधी भाषण असायचं. मंडळीतले एक वयोवृद्ध गृहस्थ दरवर्षी तोच इतिहास सांगायचे. अमेरिकन मिशन १८१३ साली मुंबईत, १८३१ साली नगरला, १८४२ साली नगरहूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू. माझ्या मुलांना शिवाजी महाराजांच्या सनावळ्यांआधी या सनावळ्या पाठ झाल्या. वक्ते थांबले की मागच्या रांगेतून कुजबुजत पुढचा आकडा यायचा. मग कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव. १९१९ साली टिळक गेले, पण त्यांची पदं आम्ही टाळ-तबल्यावर म्हणायचो आणि मला ती विलायती चालींपेक्षा केव्हाही जवळची. विलायती चालीत मराठी शब्द बसवताना एकेका अक्षराला इतकं ताणतात की लहान मुलांना मध्येच श्वास घ्यावा लागतो. ओवीला ताणावं लागत नाही. सासूबाई जात्यावर म्हणत त्याच वळणाने पोरं देवळात म्हणायची.

शेंडेफळाचं पहिलं वर्ष सांगायलाच हवं. चार वर्षांची, मेंढरू, आणि नाटकाआधी बायबलातलं एक वचन म्हणायचं. एकच ओळ. महिनाभर पोळ्या लाटता लाटता मी तिच्याकडून घोकून घेतली. तेवीस तारखेला ती कान सावरत पुढे आली, वचन एका दमात, खणखणीत म्हटलं, आणि न थांबता त्याच सुरात पुढे म्हणाली, “शाब्बास, आता खाली उतर, नाक पूस.” मी रोज तेवढंच म्हणायचे ना शेवटी! तिला वाटलं, तेही वचनातच आहे.

नाटक संपलं की नाताळ झाड. म्हणजे सुरूची एक मोठी फांदी वाळूच्या डब्यात रोवलेली. तिच्याखाली कागदी पुड्या. पुडीत चिवडा, बुंदीचा लाडू, एक केळं, पेन्सिल आणि खोडरबर. वर्षभराच्या हजेरीची बक्षिसं वेगळी. दर रविवारी बोटभर रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं, ती जपून ठेवायची आणि डिसेंबरात मोजून द्यायची. ज्या वर्षी चौघांना पाठोपाठ गोवर आला, त्या वर्षी चौघांची मिळून एकसष्ट कार्डं भरली. थोरलीने सरांना सरळ विचारलं, “आमचं घर एक धरलं तर बक्षीस येतं का?”

नाताळच्या आधीचा आठवडा बेकरीचा. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, भट्टीवाला चाचा नानकटाई करून भाजून द्यायचा. रात्री दहा-दहापर्यंत रांग. पत्र्याच्या ट्रेवर खडूने नाव, आणि आपला ट्रे भट्टीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत एका पोराने तिथून हलायचं नाही, नाहीतर दुसऱ्याची वनस्पती तुपातली आपल्या डब्यात यायची. करंज्या, शंकरपाळे, चकल्या घरीच. दिवाळीत वाड्यातून आलेली ताटं रिकामी परत द्यायची नसतात, त्यामुळे नाताळच्या सकाळी चौघं चार दिशांना ताटं घेऊन निघायची. काकूंच्या ताटात अंड्याचा केक नाही, फक्त करंज्या आणि साजूक तुपातली नानकटाई. हे एकदा धाकटीला सांगायचं राहिलं. काकूंनी केक बघितला, ताट घेतलं, आणि संध्याकाळी त्यांचा कॉलेजातला मुलगा मला हळूच म्हणाला, “वहिनी, केक मस्त होता. आईला मी सांगितलं, रव्याचा होता.”

आणि पंचवीसची रात्र. उपासना झालेली, पाहुणे येऊन गेलेले, मटणाचं पातेलं भिजत घातलेलं. ह्यांनी तेवीसला काही पाहिलं नाही म्हणून मुलं ओसरीवर सगळं पहिल्यापासून करून दाखवायची. ही प्रथा त्यांनीच पाडली. दुसरा लहान असताना मला विचारायचा, “पप्पा मुक्कामाला कुठे झोपतात?” मी सांगायची, गाडीतच, सीटवर. “मग त्यांना पण मरीया-योसेफासारखी उतारशाळेत जागा नसते?” त्या वर्षापासून हा घरचा खेळ सुरू झाला.

फुकट प्रवेश नव्हता. वहीच्या कागदाची तिकिटं, पाच पैसे दर. हे स्वतःच्या खिशातून पैसे काढून तिकीट घ्यायचे आणि स्वतःच्याच चिमट्याने ते टोचायचे, कारण टोचल्याशिवाय तिकीट खरं नाही असं चौघांचं मत. घरच्या नाटकात भूमिका हव्या तशा वाटून घेता यायच्या. तिसऱ्याला देवळात कधी हेरोद मिळाला नाही. ऐन त्या वर्षी आवाज फुटून असा चिरकला की सरांनी त्याला पडदा ओढायला ठेवलं. ओसरीवर मात्र तो दरवर्षी हेरोद. सासूबाईंचा शालू खांद्यावर, डोक्यावर डाळीची चाळणी. मरीया कधी थोरली, कधी शेंडेफळ, आणि गव्हाण म्हणजे माझी कणकेची परात.

ह्यांचा पहाटे चारपासून जागा असलेला जीव. मेंढपाळ येईपर्यंत कौतुक करायचे, टाळ्या वाजवायचे. मागी लोक उंटावरून, म्हणजे उशांवरून, उतरेपर्यंत मान कलायला लागायची. एका वर्षी हेरोद रागाने थरथरत दरबारात ओरडत होता आणि समोर एकुलता एक प्रेक्षक खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता. हेरोद थांबला. सगळेच थांबले. कान लावलेलं मेंढरू हळूच पुढे गेलं, ह्यांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणालं,

“शाब्बास. आता खाली उतर. नाक पूस.”