टू-सीटरचं सुटत चाललेलं छप्पर परत चिकटवलं : माझा अनुभव

साताऱ्यात फायबर बॉडीची जुनी टू-सीटर कार सांभाळणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे काही बिघडलं की विचारायचं कुणाला हाच पहिला प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझ्या गाडीचं डोक्यावरचं छप्पर काढता येतं, टार्गा टाइप. लॅच उघडायचे, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं आणि मागे डिकीत ठेवायचं. पोर्शने १९६५ ला ९११ टार्गा दाखवली तेव्हापासून ह्या प्रकाराला टार्गाच म्हणतात. सकाळी सकाळी यवतेश्वरचा घाट छप्पर काढून चढण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेली नाही, म्हणून हे छप्पर माझ्यासाठी फार जवळचं.

तर झालं काय, स्पीडब्रेकरवर डोक्यावर कट्ट असा आवाज यायला लागला, मग हायवेला शिट्टी, आणि नंतर ऐंशीच्या वर गेलं की छपराची पुढची कड जराशी उचलल्यासारखी दिसायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा छपराच्या कडेचं रबर बदल. पण रबर नवीनच होतं आणि लॅचही घट्ट होते. शेवटी छप्पर काढून सतरंजीवर उलटं ठेवलं आणि कडेला अंगठ्याने दाबून बघितलं, तर वरची फायबरची शीट आणि खालची लोखंडी फ्रेम वेगवेगळी हलत होती. पुढच्या बाजूला फटीत व्हिजिटिंग कार्ड आरामात आत जात होतं.

ही गोष्ट हलक्यात घ्यायची नाही. वेगात छपरावरून हवा पळते तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि आतली हवा शीटला वर ढकलते, काचा खाली असतील तर अजून जास्त. लॅच फ्रेमला धरून ठेवतात, शीटला धरतं ते फक्त मधलं अॅडहेसिव्ह. ते सुटलं की फ्रेम गाडीवरच राहील आणि शीट उडून मागच्या बाइकवाल्यावर जाईल. अमेरिकेत २००६ साली शेवरले कॉर्व्हेटची २००५ आणि २००६ ची मॉडेलं ह्याच कारणासाठी परत बोलावली होती, तिथेही सांधा सुटायच्या आधी खड्ड्यात आवाज, वाऱ्याची शिट्टी, पाणी गळणं अशीच लक्षणं सांगितली होती. हे वाचल्यावर मी गाडी हायवेला नेणं बंद केलं.

एकाने अॅराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी गोंद, भरून टाक असं सुचवलं. नको वाटलं, कारण उन्हात फायबर आणि लोखंड एकसारखं फुगत नाही, शिवाय खड्ड्यात बॉडी पिळवटते, अशा सांध्याला थोडी लवचिकता लागतेच, कडक इपॉक्सी तडकणार. विचार केला की पुढची काच ज्याने बॉडीला चिकटवतात तेच पीयू (पॉलियुरेथेन, सेट झाल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारं अॅडहेसिव्ह) इथे पाहिजे, आणि तडक बस-ट्रकच्या काचा बसवणाऱ्या काकांकडे गेलो. काकांनी खिशातलं नाणं काढून छप्पर कडेकडेने वाजवायला सुरुवात केली, माठ घेताना वाजवून बघतो तसं. चिकटलेल्या जागी टक टक, सुटलेल्या जागी भद भद. भद भद आली तिथे खडूने खुणा केल्या, तर पुढची सगळी कड आणि डावा कोपरा गेलेला. मग फटीत नख घालून म्हणाले, "आवं सायेब, ह्यात कुणी सिलिकॉन भरलंय? ह्याच्यावर काय बी चिकटत न्हाई." माझ्या आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला भरलं असणार.

पुढचं सगळं काम म्हणजे साफसफाई. काच काढायच्या तारेने, दोघांनी दोन टोकं धरून करवतीसारखी ओढत, शीट पूर्ण सोडवली. सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, मग पॉलिश पेपर मारला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. थिनर काकांनी लावू दिलं नाही, कडेचा पेंट गेला असता. साफ झालं का हे बघायची त्यांची पद्धत मला फार आवडली : पाणी शिंपडायचं, पाणी सलग पसरलं तर जागा साफ, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर तिथे सिलिकॉन अजून आहे. डाव्या कोपऱ्यात थेंबच थेंब, तो परत परत घासावा लागला. फ्रेमला तिथेच गंज होता, तो काढून प्राइमर मारला.

चिकटवणं त्यामानाने पटकन झालं. सगळं सुकवून दोन्हीकडे पीयूचा काळा प्राइमर, नोझलला व्ही आकाराची खाच पाडून गनने एकसलग उभी धार, मधे मधे रबराचे छोटे तुकडे, म्हणजे वजन ठेवल्यावर सगळा माल बाहेर येत नाही आणि थर सगळीकडे सारखा राहतो. वर वाळूच्या पिशव्या. क्लॅम्पने आवळायचं नाही. पीयू हवेतल्या दमटपणावर सेट होतं आणि आपल्याकडे एप्रिलची हवा कोरडी ठणठणीत, म्हणून काका आजूबाजूच्या फरशीवर पाणी मारत होते. छप्पर घाईने गाडीवर चढवायचं नाही हे त्यांनी बजावून सांगितलं, ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्तच ठेवलं.

बसवल्यावर नाण्याने परत वाजवलं, सगळीकडे टक टक. पाइपने पाणी मारलं, आत थेंब नाही. नवीन थरामुळे छप्पर एका बाजूला किंचित वर आलं होतं, ते लॅचच्या अॅडजस्टमेंटमध्ये बसलं. मग हायवेला कराडपर्यंत जाऊन आलो, आधी काचा बंद ठेवून, मग खाली करून. आवाज नाही, शिट्टी नाही, कड जागची हलत नाही. कुणाचं असं छप्पर वाजत असेल तर रबर मागवायच्या आधी नाण्याने वाजवून बघा, आणि फटीत सिलिकॉन कुणालाही भरू देऊ नका.