नमस्कार करताना दिसलेला बाक

माझ्या छातीचा उजवा भाग लहानपणापासून सपाट आहे, बनियन काढलं की लगेच कळतं, त्यामुळे विहिरीवर पोहायला गेलो की मी कायम सगळ्यात शेवटी शर्ट काढायचो आणि सगळ्यात आधी घालायचो. आईचं म्हणणं, लहानपणी पडलास म्हणून. कॉलेजात जिम लावली तर ट्रेनर म्हणे अजून दोन सेट मार, भरेल. आता जो स्नायू मुळात नाहीच तो भरणार कसा? पण तेव्हा मलाही माहीत नव्हतं, वर्षभर मारले सेट.

याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. देशाशी काही संबंध नाही हां, अल्फ्रेड पोलंड नावाचा लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला विद्यार्थी होता, 1841 साली एका कैद्याच्या मृतदेहाचं डिसेक्शन करताना त्याला एका बाजूचे छातीचे स्नायू गायब दिसले आणि त्याने ते लिहून ठेवलं. हे बऱ्याचदा उजव्या बाजूलाच असतं, काहींची त्याच हाताची बोटं आखूड किंवा जोडलेली असतात, माझी ठीक आहेत. गर्भात साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास त्या बाजूचा रक्तपुरवठा कमी पडत असावा असं मानतात, म्हणजे आई, पडण्याचा काही संबंध नाही.

पण खरी गंमत पाठीची. सगळे छातीकडेच बघत राहिले. एका दिवाळीत अभ्यंगस्नान करून उघडाच आजीला वाकून नमस्कार केला तर मागून आत्या म्हणाली, "अरे, तुझी पाठ एका बाजूला उचललेली का दिसतेय?" ऑर्थोपेडिकवाल्या डॉक्टरांनीही पहिलं तेच करायला लावलं, वाक म्हणाले. मग एक्सरे, कॉब अँगल म्हणजे एक्सरेवर मोजलेला कण्याच्या बाकाचा कोन, तो निघाला 18 डिग्री. 10 च्या वर गेला की स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकलेला, असं धरतात. ब्रेसचा, म्हणजे पाठीला बांधायच्या आधारपट्ट्याचा, उपयोग हाडं वाढत असेपर्यंतच, माझी वाढ संपलेली, आणि इतक्या बाकाला ऑपरेशन कोण करणार, तेव्हा व्यायाम आणि मधूनमधून तपासणी एवढंच.

छाती अशी असली की पाठीला बाक येतोच असं नाही, पण काहींना येतो, मग वाढीच्या वयात कोणीतरी पाठ बघायला नको का?

आता दिवाळीला भाचरं उघडी पाया पडायला आली की मी मागे जाऊन उभा राहतो. ताई चिडते, "अरे, आशीर्वाद समोरून देतात!"